वार्धक्यातील त्वचेची निगा

वार्धक्यातील त्वचेची निगा म्हणजे वयोमानानुसार पातळ, कोरडी व नाजूक झालेल्या त्वचेसाठी सौम्य प्रसाधने निवडणे आणि ती योग्य रीतीने वापरणे होय. त्वचा स्वच्छ ठेवणे, तिच्यातील ओलावा टिकवणे आणि सूर्यप्रकाशापासून तिचे रक्षण करणे हे या निगेचे तीन मुख्य भाग आहेत. जाहिरातींमध्ये या विषयाचा संबंध प्रामुख्याने सुरकुत्यांशी जोडला जातो. त्वचारोगशास्त्राच्या दृष्टीने मात्र उतारवयातील त्वचेची पहिली गरज तिचा बाह्य संरक्षक थर शाबूत ठेवणे ही असते. हा थर दुर्बळ झाल्यास सतत खाज येणे, भेगा पडणे, किरकोळ धक्क्याने कातडी फाटणे आणि जखमांमध्ये जंतुसंसर्ग होणे असे त्रास उद्भवतात. ज्येष्ठ व्यक्तींची झोप, हालचाल आणि एकूण आरोग्य यांवर या त्रासांचा परिणाम होतो.

त्वचेची रचना

त्वचेचे बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा असे दोन प्रमुख थर असून त्यांखाली चरबीयुक्त ऊतक असते. बाह्यत्वचेच्या सर्वांत वरच्या पातळ थरास शृंगस्तर असे म्हणतात. या थरातील केराटीनयुक्त मृत पेशी आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ यांच्या रचनेला विटा आणि चुन्याच्या भिंतीची उपमा दिली जाते. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ पीटर इलायस यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कल्पना मांडली. पेशींमधील स्निग्ध पदार्थांमध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्ले हे प्रमुख घटक असतात. शरीरातील पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरील रसायने व जंतू आत येऊ न देणे हे या भिंतीचे कार्य होय.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच साधारणपणे ४.५ ते ५.५ यांदरम्यान असतो. जर्मन संशोधक हाइनरिख शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी यांनी १९२८ मध्ये या गुणधर्माला ‘आम्ल आवरण’ असे नाव दिले. स्निग्ध पदार्थ तयार करणारी विकरे आम्लधर्मी वातावरणात नीट काम करतात. काही उपद्रवी जिवाणूंच्या वाढीलाही या वातावरणाने आळा बसतो.

वयोपरत्वे होणारे बदल

त्वचेचे वार्धक्य दोन प्रकारचे असते. काळानुसार सर्व शरीरात होणाऱ्या बदलांमुळे येणारे ते अंतर्जन्य वार्धक्य आणि सूर्यप्रकाश, धूम्रपान, प्रदूषण इत्यादी कारणांनी येणारे ते बाह्यजन्य वार्धक्य. एकाच व्यक्तीच्या दंडाच्या आतील बाजूची त्वचा आणि मनगटावरील किंवा मानेवरील त्वचा यांची तुलना केल्यास हा फरक सहज लक्षात येतो.

तरुण वयात बाह्यत्वचेच्या पेशी सुमारे चार आठवड्यांत नव्याने तयार होऊन वर येतात. विशीपासून सत्तरीपर्यंत हा वेग ३० ते ५० टक्क्यांनी मंदावतो. त्यामुळे मृत पेशी पृष्ठभागावर अधिक काळ राहतात, त्वचा खरखरीत व निस्तेज दिसते आणि जखमा सावकाश भरतात. प्रौढ वयात त्वचेतील कोलॅजेन दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटत जाते. तैलग्रंथींचे स्रवण कमी होते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर ही घट विशेष जाणवते. त्वचेचा पीएच वाढतो आणि स्निग्ध पदार्थांची निर्मिती मंदावते.

वृद्ध व्यक्तीच्या त्वचेचा रोधक थर एरवी बऱ्यापैकी काम करत असला, तरी त्याला इजा झाल्यास तो पूर्ववत होण्यास तरुण त्वचेपेक्षा बराच अधिक वेळ लागतो, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. सौम्य प्रसाधनांचे महत्त्व या निरीक्षणावरून समजते. विशीतील त्वचा कडक साबणाने झालेली झीज अल्पावधीत भरून काढते. सत्तरीतील त्वचेवर मात्र आधीची झीज भरून येण्यापूर्वीच दुसऱ्या दिवशीची झीज होते आणि हे नुकसान साचत जाते.

बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा एकमेकींत नागमोडी वळणांनी गुंतलेल्या असतात. वयाबरोबर ही वळणे सपाट होत जातात आणि दोन्ही थरांची पकड सैल होते. त्यामुळे चिकटपट्टी ओढून काढताना किंवा पलंगाच्या कडेला हात घासल्यावर कातडी फाटू शकते. हातांच्या मागील बाजूस किरकोळ धक्क्याने उमटणारे जांभळे डागही वयोवृद्धांमध्ये नेहमी दिसतात. रक्तवाहिन्यांभोवतीचा आधार कमी झाल्यामुळे ते येतात. इंग्रज वैद्य टॉमस बेटमन यांच्या नावाने ते ओळखले जातात.

भारतीय त्वचेतील वैशिष्ट्ये

भारतीयांच्या त्वचेत मेलॅनीन या रंगद्रव्याचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याने तिला सूर्याच्या अतिनील किरणांपासून काही प्रमाणात नैसर्गिक संरक्षण मिळते. त्यामुळे गौरवर्णीय लोकांच्या मानाने सुरकुत्या उशिरा येतात आणि वार्धक्याची खूण प्रथम डाग, वांग किंवा असमान रंग या रूपाने दिसते.

या त्वचेला कोणत्याही कारणाने दाह झाला, तर तो शमल्यानंतरही काळसर डाग मागे राहण्याची प्रवृत्ती असते. असे डाग जाण्यास अनेक महिने लागू शकतात. डाग घालवण्यासाठी तीव्र प्रसाधन वापरावे, त्याने दाह व्हावा आणि त्या दाहातून नवे डाग उमटावेत, असे चक्र यातून सुरू होते. म्हणून सौम्यता ही केवळ आरामाची बाब ठरत नाही. डाग टाळण्यासाठीही ती आवश्यक असते.

‘सौम्य’ शब्दाचा अर्थ

‘सौम्य’, ‘नैसर्गिक’, ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’, ‘संवेदनशील त्वचेसाठी’ हे वेष्टनांवरील शब्द प्रामुख्याने विक्रीचे आहेत. ‘हायपोॲलर्जेनिक’, म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी असलेले, या शब्दाचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये असा नियम केला की, हा शब्द वापरणाऱ्या उत्पादकाने आपला दावा चाचणीने सिद्ध करावा. क्लिनिक आणि अल्मे या दोन प्रसाधन कंपन्यांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले आणि १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. तेव्हापासून अमेरिकेत या शब्दाला कोणतीही कायदेशीर व्याख्या नाही.

‘नैसर्गिक’ आणि ‘सौम्य’ हे शब्दही समानार्थी नाहीत. लिंबाचा रस नैसर्गिक असला, तरी त्याचा पीएच २ च्या आसपास असतो. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. अनेक सुगंधी वनस्पतितेलांची ॲलर्जी होते. महाराष्ट्रात या संदर्भात गाजरगवताचे उदाहरण महत्त्वाचे आहे. हे विदेशी तण १९५० च्या दशकात पुणे परिसरात प्रथम लक्षात आले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या संपर्काने होणारा त्वचादाह शेतात काम करणाऱ्या प्रौढ व वृद्ध पुरुषांमध्ये विशेषकरून आढळतो. गाजरगवत सूर्यफुलाच्या कुलातील असल्याने, त्याची ॲलर्जी असलेल्या व्यक्तींना त्याच कुलातील कॅमोमाइल किंवा कॅलेंडुला यांचे अर्क असलेल्या मलमांनीही त्रास होऊ शकतो. एरवी हे अर्क ‘शामक’ म्हणून विकले जातात.

व्यवहारात सौम्य उत्पादन पुढील लक्षणांवरून ओळखता येते :

• घटकांची संख्या कमी असते.
• कृत्रिम वा नैसर्गिक सुगंध मिसळलेला नसतो.
• धुण्याच्या उत्पादनाचा पीएच त्वचेच्या पीएचला जवळचा असतो.
• लावल्यावर चुणचुण, आग किंवा ताण जाणवत नाही.
• खडबडीत कण, मेन्थॉल, कापूर किंवा भरपूर अल्कोहोल नसते.

वेष्टनावरील माहितीचे वाचन

भारतात प्रसाधनांचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांखाली होते. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख आणि घटकांची यादी असणे अपेक्षित असते. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणात लिहिले जातात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने येतात. त्यामुळे वेष्टनावर ठळकपणे मिरवणारा केशर, कोरफड किंवा सिरॅमाइड यांसारखा घटक यादीत अगदी शेवटी असल्यास त्याचे प्रमाण बहुधा अत्यल्प असते.

ॲलर्जीची दोन नेहमीची कारणे म्हणजे सुगंधी द्रव्ये आणि टिकाऊपणासाठी घातलेली परिरक्षके. ‘फ्रेग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ या एका शब्दाखाली अनेक रसायने असू शकतात. युरोपीय संघात २००५ पासून ॲलर्जी निर्माण करणाऱ्या २६ सुगंधी द्रव्यांची नावे स्वतंत्रपणे छापणे बंधनकारक झाले आणि २०२३ च्या नियमाने ही यादी बरीच वाढवली. येथे ‘सुगंधविरहित’ आणि ‘गंधहीन’ यांतील फरक लक्षात घ्यावा लागतो. सुगंधविरहित उत्पादनात सुगंधी द्रव्य मिसळलेले नसते. गंधहीन उत्पादनात मात्र मूळ वास झाकण्यासाठी ते मिसळलेले असू शकते.

परिरक्षकांपैकी मिथाइल आयसोथायाझोलिनोन हे द्रव्य अमेरिकी संपर्कजन्य त्वचादाह संस्थेने २०१३ साठी ‘वर्षाचे ॲलर्जीकारक’ म्हणून निवडले होते. त्वचेवर लावून ठेवण्याच्या प्रसाधनांत त्याच्या वापरावर युरोपीय संघात २०१७ पासून बंदी आहे. लोकरीपासून मिळणारे लॅनोलीन कोरड्या त्वचेस उपयुक्त असले, तरी पायावरील जुन्या जखमांसाठी वर्षानुवर्षे मलमे वापरणाऱ्या वृद्धांमध्ये त्याची ॲलर्जी अधिक आढळते.

स्वच्छतेची उत्पादने

पारंपरिक साबण हा मेदाम्लांचा क्षार असतो आणि त्याचा पीएच सामान्यतः ९ ते १० असतो. भारतीय बाजारातील अंगाच्या साबणांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बहुसंख्य साबण याच मर्यादेत आढळले. असा साबण मळाबरोबर पेशींमधील स्निग्ध पदार्थही काढून टाकतो आणि त्वचेचा पीएच काही काळ वाढवतो.

भारतीय मानक ब्यूरोच्या मानकानुसार अंगाच्या साबणाची एकूण स्निग्ध द्रव्याच्या प्रमाणावरून प्रतवारी केली जाते. पहिल्या प्रतीत हे प्रमाण किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० टक्के आणि तिसऱ्या प्रतीत ६० टक्के असावे लागते. वेष्टनावर ते ‘टीएफएम’ या अक्षरांनी दर्शवतात. हा आकडा साबणाचा कस दाखवतो, त्याची आम्लता नव्हे. पहिल्या प्रतीचा साबणही अल्कधर्मीच असतो. उलट, सौम्य मानल्या जाणाऱ्या सिंडेट वड्यांना ही प्रतवारी लागू पडत नाही.

सिंडेट म्हणजे साबणाऐवजी संश्लेषित अपमार्जकांपासून बनवलेली वडी किंवा द्रव होय. अशी पहिली प्रसिद्ध वडी डव्ह या नावाने १९५७ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट हा या प्रकारातील नेहमीचा सौम्य अपमार्जक आहे. सिंडेटचा पीएच सामान्यतः ५.५ ते ७ असतो. मात्र सर्वच संश्लेषित अपमार्जक सौम्य नसतात. सोडियम लॉरिल सल्फेट इतके क्षोभक आहे की, प्रयोगशाळेत त्वचेचा दाह मुद्दाम निर्माण करण्यासाठी ते प्रमाण द्रव्य म्हणून वापरले जाते. विद्यार्थी किंवा ग्राहक पीएच कागदाच्या पट्टीने साबणाच्या फेसाची आम्लता स्वतः तपासू शकतात.

उत्पादनाइतकीच वापराची रीत महत्त्वाची असते. कढत पाण्याऐवजी कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटांचे स्नान, साबणाचा वापर काख, जांघा व पावले एवढ्यापुरताच ठेवणे आणि अंग न रगडता टिपून कोरडे करणे या गोष्टींनी कोरडेपणा कमी होतो. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्यामुळे साबणाचा न विरघळणारा साका तयार होऊन तो त्वचेवर राहतो. कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्या भागांत हा त्रास अधिक जाणवतो. सिंडेटचा असा साका होत नाही. आंघोळीच्या पाण्यात रोज जंतुनाशक द्रव टाकण्याची सवय वृद्धांच्या कोरड्या त्वचेस अपायकारक ठरू शकते. निरोगी त्वचेला त्याची गरज नसते.

आर्द्रता टिकवणारी उत्पादने

मॉइश्चरायझरमधील घटक तीन प्रकारे काम करतात आणि बहुतेक उत्पादनांत तिन्ही प्रकारांचे मिश्रण असते.

आर्द्रताधारक घटक पाणी धरून ठेवतात. ग्लिसरीन, युरिया, लॅक्टिक आम्ल आणि हायलुरॉनिक आम्ल ही त्यांची उदाहरणे होत. ग्लिसरीन स्वस्त, निर्धोक आणि गुणकारी आहे. युरिया १० टक्क्यांपर्यंत आर्द्रता राखतो, तर २० ते ४० टक्के प्रमाणात तो कठीण कातडी मऊ करून सोलतो. त्यामुळे तीव्र युरिया टाचांपुरता मर्यादित ठेवावा लागतो आणि भेगाळलेल्या जागी तो झोंबतो.

मृदुकारक घटक पेशींमधील फटी भरून स्पर्श मऊ करतात. सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्ले आणि वनस्पतितेले यांचा या गटात समावेश होतो.

अवरोधक घटक पृष्ठभागावर पापुद्रा तयार करून पाण्याचे बाष्पीभवन रोखतात. यांत पेट्रोलियम जेली सर्वाधिक परिणामकारक असून ती त्वचेतून होणारा पाण्याचा ऱ्हास ९८ टक्क्यांपर्यंत कमी करू शकते, असे मानले जाते. अमेरिकी रसायनज्ञ रॉबर्ट चेझब्रो यांनी १८७२ मध्ये तिचे एकस्व मिळवले. शुद्ध स्वरूपात तिच्यात सुगंध किंवा परिरक्षक नसल्याने तिची ॲलर्जी अत्यंत विरळ असते. चिकटपणा हा तिचा प्रमुख दोष होय.

मॉइश्चरायझर स्नानानंतर काही मिनिटांत, त्वचा किंचित ओलसर असतानाच लावल्यास अधिक ओलावा टिकतो. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढे, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम मलम दोन तळहातांएवढ्या क्षेत्रास पुरते. पाण्याचे प्रमाण अधिक असलेले लोशन कोकणासारख्या दमट हवेत सोयीचे असते. विदर्भ व मराठवाड्यातील कोरड्या हवेत आणि एकूणच हिवाळ्यात घट्ट क्रीम किंवा मलम अधिक उपयोगी पडते.

या साध्या उपायाचा परिणाम मोजता येण्याजोगा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील १४ वृद्धनिवासांमधील ९८४ रहिवाशांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या निवासांत हातापायांना दिवसातून दोनदा सुगंधविरहित मॉइश्चरायझर लावले गेले, तेथे कातडी फाटण्याचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत जवळपास निम्म्याने कमी आढळले.

पारंपरिक तेले व उटणे

महाराष्ट्रात दिवाळीतील अभ्यंगस्नानाच्या निमित्ताने तेल लावून उटण्याने स्नान करण्याची प्रथा आहे. अनेक घरांतील वृद्ध वर्षभर अंगाला तेल लावतात. स्नानापूर्वी लावलेले तेल साबणाचा त्वचेवरील परिणाम सौम्य करते आणि स्नानानंतर लावलेले तेल ओलावा टिकवते. मात्र सर्व तेलांचा परिणाम सारखा नसतो.

फिलिपिन्समधील २००४ च्या एका चाचणीत कोरड्या त्वचेवर खोबरेल तेल हे खनिज तेलाइतकेच परिणामकारक व निर्धोक आढळले. ब्रिटनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑलिव्ह तेलाने शृंगस्तराची अखंडता कमी झाली व सौम्य लाली आली, तर सूर्यफूल तेलाने तसे झाले नाही. ऑलिव्ह तेलातील ओलेइक आम्लाचे मोठे प्रमाण हे याचे कारण मानले जाते. मोहरीच्या तेलाने रोधक थर पूर्ववत होण्यास विलंब होतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

उटण्यात आवळकाठी, नागरमोथा, कचोरा, वाळा, मुलतानी माती यांसारख्या पदार्थांची पूड असते. तरुण त्वचेला वर्षातून काही दिवस चोळलेले उटणे सहसा त्रास देत नाही. पातळ झालेल्या त्वचेवर मात्र जाडसर पूड घासल्याने ओरखडे पडू शकतात आणि मुलतानी माती तेलकटपणा शोषून कोरडेपणा वाढवते. वृद्धांसाठी वस्त्रगाळ पूड दुधात किंवा तेलात भिजवून न रगडता लावणे अधिक योग्य ठरते. ओरखडे, जखमा किंवा इसब असलेल्या जागी उटणे लावणे टाळतात.

सूर्यप्रकाशापासून संरक्षण

बाह्यजन्य वार्धक्याचे सर्वांत मोठे कारण सूर्यप्रकाश हे आहे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. साडेचार वर्षांच्या कालावधीत, दररोज सूर्यसंरक्षक लावणाऱ्या गटात त्वचेचे वार्धक्य दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळले. दुसऱ्या गटातील व्यक्ती सूर्यसंरक्षक आपल्या इच्छेनुसार वापरत होत्या.

सामान्यतः एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले आणि अतिनील ‘अ’ व ‘ब’ अशा दोन्ही किरणांना अडवणारे उत्पादन सुचवले जाते. संवेदनशील त्वचेसाठी झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड हे खनिज घटक सौम्य ठरतात. त्यांचा पांढरट थर सावळ्या त्वचेवर उठून दिसतो. आयर्न ऑक्साइड मिसळलेली रंगीत उत्पादने हा दोष दूर करतात आणि वांग वाढवणाऱ्या दृश्य प्रकाशालाही काही प्रमाणात अडवतात. वेष्टनावरील एसपीएफ दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम इतक्या जाड थरावर मोजलेला असतो. प्रत्यक्षात बहुतेक लोक त्याहून कमी लावतात, त्यामुळे मिळणारे संरक्षणही कमी असते. छत्री, टोपी, पदर किंवा पूर्ण बाह्यांचे सुती कपडे ही साधने कोणत्याही प्रसाधनापेक्षा सौम्य आहेत. ज्येष्ठांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळत असल्याने ऊन पूर्णतः टाळणाऱ्यांना त्याबाबत वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो.

वार्धक्यरोधी क्रियाशील घटक

सुरकुत्यांवर सर्वाधिक पुरावा असलेला घटकांचा गट रेटिनॉइड हा होय. अल्बर्ट क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उन्हाने वृद्ध झालेल्या त्वचेवर ट्रेटिनॉइनचा उपयोग दाखवला आणि १९९५ मध्ये अमेरिकेत त्यास या कारणासाठी मान्यता मिळाली. ट्रेटिनॉइनमुळे आरंभी लाली, सालपटे व जळजळ होते. म्हणून ते वैद्यकीय सल्ल्याने, अल्प प्रमाणात, एक-दोन रात्रींआड आणि मॉइश्चरायझरच्या जोडीने सुरू केले जाते. दुकानांत मिळणारे रेटिनॉल त्याहून सौम्य, पण तितकेच मंद असते. ग्लायकोलिक आम्लासारखी फलाम्ले मृत पेशी सैल करतात. मात्र ती त्वचेची उन्हाबद्दलची संवेदनशीलता वाढवतात.

ज्यांची त्वचा आधीच कोरडी, खाजरी किंवा भेगाळलेली आहे, त्यांच्यासाठी हे घटक पहिली पायरी ठरत नाहीत. प्रथम रोधक थर सुधारणे, मग आवश्यकता वाटल्यास एका वेळी एकच क्रियाशील घटक वापरणे हा क्रम सुरक्षित मानला जातो. मलमात मिसळलेल्या कोलॅजेनचे रेणू मोठे असल्याने ते अंतस्त्वचेपर्यंत पोहोचत नाहीत. त्याचा उपयोग वरवर ओलावा राखण्यापुरताच असतो. किंमत आणि गुणकारिता यांचाही थेट संबंध नाही. ग्लिसरीन व पेट्रोलियम जेली ही त्वचारोगतज्ज्ञांच्या नित्य वापरातील द्रव्ये अल्पमोलाची आहेत.

घातक उत्पादने

त्वचा उजळवण्याच्या काही बेकायदेशीर मलमांत पाऱ्याची संयुगे आढळतात. पारा त्वचेतून शोषला जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील मूत्रपिंडविकाराच्या एका प्रकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत एक विशिष्ट, एरवी विरळ प्रकार आढळला आणि या १५ पैकी १३ जणांनी उजळपणाची मलमे वापरली होती. पारा व त्याच्या संयुगांवर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला असून प्रसाधनांतील पारा हटवणे हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक किंवा घटकांची यादी नसलेले मलम म्हणूनच संशयास्पद समजले जाते.

स्टेरॉइडयुक्त मलमांचा गैरवापर हा दुसरा धोका होय. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही औषधे इसब वा सोरायसिसमध्ये वैद्यकीय देखरेखीखाली उपयुक्त असतात. खाज लगेच थांबते किंवा चेहरा उजळतो म्हणून ती महिनोन्‌महिने लावल्यास आधीच पातळ असलेली त्वचा आणखी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम बंद करताच दाह उसळतो. नायट्यावर लावल्यास संसर्ग पसरतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध मोहीम चालवली असून २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर निर्बंध आणले.

नव्या उत्पादनाची पडताळणी

नवे उत्पादन थेट चेहऱ्यावर किंवा सर्वांगावर न लावता, हाताच्या आतील बाजूस छोट्या जागी दिवसातून दोनदा सात ते दहा दिवस लावून पाहतात. ॲलर्जीची प्रतिक्रिया उमटण्यास काही दिवस लागतात. त्यामुळे एका दिवसाची चाचणी पुरेशी नसते. साबणासारखी धुऊन काढण्याची उत्पादने नेहमीप्रमाणेच धुऊन टाकून पाहावी लागतात. एका वेळी एकच उत्पादन बदलल्यास त्रासाचे कारण शोधणे सोपे जाते. वारंवार त्रास होत असल्यास त्वचारोगतज्ज्ञ पॅच चाचणीद्वारे नेमके कारक द्रव्य शोधू शकतात.

वापरातील सुरक्षितता

तेल किंवा मलम लावलेले पाय न्हाणीघरात घसरण्याची भीती असते आणि वृद्धांमध्ये पडल्याने खुब्याचे हाड मोडू शकते. म्हणून ते शक्यतो बसून, अंग टिपल्यानंतर लावणे आणि पावलांवरील अतिरिक्त तेल पुसून घेणे योग्य असते. मधुमेही व्यक्तींनी पावलांना मॉइश्चरायझर लावावे, परंतु बोटांच्या बेचक्यांत लावू नये, कारण तेथील ओलसरपणाने बुरशीची वाढ होते.

मलम मुरलेले कपडे व पांघरुणे चटकन पेट घेतात आणि वेगाने जळतात, असा इशारा ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिला. साध्या धुण्याने हा अंश पूर्णतः निघत नाही. समई, निरांजन, चूल, शेगडी किंवा विडी यांच्या जवळ वावरणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत ही खबरदारी विशेष महत्त्वाची आहे.

अंथरुणाला खिळलेल्या किंवा लघवीवर नियंत्रण नसलेल्या व्यक्तींमध्ये ओलाव्यामुळे त्वचा सोलवटते. तेथे दर वेळी सौम्य द्रवाने स्वच्छता करून झिंक ऑक्साइड, डायमेथिकोन किंवा पेट्रोलियम जेली यांचा संरक्षक थर देतात.

वैद्यकीय सल्ल्याची गरज

प्रत्येक खाज कोरडेपणामुळे येत नाही. दोन-तीन आठवडे नियमित मॉइश्चरायझर लावूनही खाज न थांबल्यास मूत्रपिंड, यकृत व अवटू ग्रंथींचे विकार, रक्ताचे आजार, औषधांचे दुष्परिणाम किंवा खरूज यांची शक्यता तपासावी लागते. घरातील एकाहून अधिक व्यक्तींना रात्री वाढणारी खाज येत असल्यास खरजेची शंका घेतात. आकार किंवा रंग बदलणारा तीळ, न भरणारा व्रण, सहज रक्त येणारी गाठ, पाण्याने भरलेले मोठे फोड आणि अंगावर अचानक पसरलेले पुरळ ही लक्षणे आढळल्यास प्रसाधने बदलत बसण्याऐवजी त्वरित त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

• त्वचा
• साबण
• अभ्यंग
• इसब
• गाजरगवत
• मिनामाता रोग